चौदा गुण

खुशालराव येईपर्यंत सीमा चार वेळा फाटकापाशी जाऊन आली. एप्रिलचं अकोला सकाळी दहालाच तापलं होतं, फाटकाची कडी हाताला चटका देत होती. दर वेळी ती रस्त्याकडे पाहायची, आत यायची, आणि आत आल्यावर कशाला आलो हेच विसरायची.

"बस ना जरा," देवराव म्हणाला. "गाडी बडनेऱ्याहूनच लेट निघाली. दादाच्या प्रियाचा फोन आल्ता. मूर्तिजापूर सोडलं म्हने, इंदूताई बी बसली तिथून."

त्याने समोरच्या खोलीत सतरंजी टाकली होती, कूलरमध्ये पाणी भरलं होतं, दुकानातून दादासाठी बिनसाखरेची बिस्किटं आणली होती. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याच्या चालण्यात जीव दिसत होता. तीस वर्षं वीज खात्यात खांबावर चढून काढलेला हा माणूस दादा येणार म्हटलं की अजून शाळकरी व्हायचा. बाप गेला तेव्हा देवराव नऊ वर्षांचा होता. पुढचं सगळं, शाळा, आयटीआय, नोकरीचा अर्ज, लग्नसुद्धा, खुशालरावांनी केलं.

म्हणूनच सीमाने त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगायचे दोन दिवस तिने अंगणवाडीतल्या पोरांची वजनं लिहिण्यात घालवले आणि तीही चुकली.

आतल्या खोलीत त्यांची मुलगी भावना पडून होती. वय चोवीस, तोंडाला मास्क, हातापायांवर निळे डाग. तिच्या हाडांतला मगज नवं रक्त करायचा थांबला आहे, असं नागपूरच्या डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं होतं. सगळ्यात अवघड गोष्ट सोपी झाली होती. धाकट्या भावाचा, नितेशचा मगज तिच्याशी पूर्ण जुळला. सरकारी योजनेतून खर्चातलं थोडं मिळणार होतं. उरलेल्यासाठी अमरावतीच्या आधार रुग्णसाहाय्य निधीकडे अर्ज केला. त्या निधीच्या तीन जणांच्या समितीत खुशालराव स्वतः होते. "माझं नाव कुठं लिहू नका," एवढंच त्यांनी तेव्हा बजावलं होतं. अर्जावर पत्ता अकोल्याचा होता, आणि तायडे आडनाव तर वऱ्हाडात पावलोपावली. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी पत्र आलं. दोन ओळी. आपल्या अर्जाचा समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. सध्या मंजुरी देता येत नाही.

देवरावने ते तीनदा वाचलं. "काही तरी चुकलं असन," तो म्हणाला. "दादाले बोलावतो. दादा एक शब्द टाकन."

प्रियदर्शनी, खुशालरावांची मुलगी, अमरावतीला कलेक्टर कचेरीत कारकून होती. तिने शब्द टाकला नाही, निधीची नियमावली वाचली. अकराव्या नियमात लिहिलं होतं की अर्जदाराला स्वतःच्या फाइलचे गुण पाहता येतील. तीन वर्षांत एकानेही ते मागितले नव्हते, कारण असा नियम आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. सीमाच्या सहीचं पत्र घेऊन ती गेली आणि एका पानाची झेरॉक्स घेऊन आली. सदस्य एक, चाळीसपैकी तेहतीस. सदस्य दोन, चौतीस. सदस्य तीन, चौदा. एकूण एक्क्याऐंशी. त्या महिन्याची मंजुरीची रेषा चौऱ्याऐंशीवर होती.

नावं नव्हती. पण तिसऱ्या रकान्यात हाताने शेरा लिहिला होता, आणि ते अक्षर प्रियदर्शनीने जन्मापासून पाहिलं होतं.

* * *

रिक्षा थांबली. दोघा भावांची थोरली बहीण इंदूबाई आधी उतरली, वय बहात्तर, तरी कुणाचा हात न धरता. मागून खुशालराव, पांढरा शर्ट, खिशाला पेन. सर्वांत शेवटी प्रियदर्शनी. तिने सीमाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खुशालराव बूट काढून सरळ आतल्या दारापर्यंत गेले. उंबऱ्याबाहेरच थांबून त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "कशी हायेस बाळा?"

"बरी हाये, मोठेबाबा."

ते तिथे फार वेळ उभे राहिले नाहीत.

चहा झाला. नितेशने पाण्याचे पेले ठेवले आणि ताईच्या खोलीत जाऊन बसला. देवराव सतरंजीवर पुढे सरकला.

"दादा, आजवर तुमाले काही मागतलं नाही. न मागताच भेटत गेलं. आता मागतो. पुढच्या मीटिंगले एक शब्द टाका."

"देवा, तिथं शब्दावर काम होत नाही. गुण असतात. ती पद्धत म्याच आनली. आधी कोनाच्याही मर्जीनं चालत होतं."

"मी पद्धतीले नावं नाही ठेवून राहिलो. पन आपली पोरगी..."

"गुन असो नाही तं दोष असो," इंदूबाई मधेच म्हणाली. "तू तिथं बसून कोनाच्या पोरी पाह्यतं रे खुशाल? घरची दिसली नाही का तुले?"

"ताई, तुले समजत नाही."

"मले समजत नाही तं समजावून सांग. येवढ्यासाठीच आली मी उन्हाची."

खुशालरावांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता. सीमा हे पाहत होती. ते आपणहून सांगतील, एवढी संधी तिने मनात दिली होती. कूलरची घरघर ऐकत ती थांबली. मग उठून फळीवरच्या डब्याखालून तिने कागद काढला आणि सतरंजीवर ठेवला.

"भाऊजी, हे अक्षर कोनाचं हाये?"

कागद आधी देवरावने उचलला. त्याच्या पुस्तकांवर, वह्यांवर, नोकरीच्या अर्जावर हेच अक्षर होतं. "हे तं दादाचं," तो म्हणाला, ओळखीचं काही भेटल्याच्या आनंदाने. मग त्याने मोठ्याने वाचलं. तेहतीस. चौतीस. मग तिसरा रकाना. कुटुंब सक्षम. नातेवाइकांकडून मदत शक्य. शेजारी चौदा.

त्याने कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हे दुसऱ्या कोनाच्या फाइलचं असन," तो म्हणाला.

"वर भावनाचं नाव हाये," सीमा म्हणाली.

"दादा, तुमी सांगा ना. चुकून झालं का?"

"चुकून नाही," खुशालराव म्हणाले.

* * *

हे सांगायची वेळ येईल असं त्यांना रोज वाटत होतं आणि रोज ती टळत होती. आता ती समोर आल्यावर त्यांच्याकडे एकही तयार वाक्य नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी समितीतल्या एकाने स्वतःच्या नात्यातल्या फाइली पास केल्याची बोंब झाली. मग निष्कलंक माणूस हवा म्हणून निवृत्त मुख्याध्यापक तायडे गुरुजींना बोलावलं. पहिल्याच बैठकीत कुणीतरी हसत म्हणालं होतं, आता तुमच्या वस्तीतल्या फाइली वाढतील, गुरुजी. सगळे हसले. तेही हसले. त्या दिवसापासून प्रत्येक फाइलवरचं आडनाव ते आधी वाचायचे आणि वाचलं नाही असं दाखवायचे. तायडे, गवई, वानखडे, असे किती झाले याची मोजणी मनात आपोआप चालायची. बाकीच्या दोघांना अशी मोजणी करावी लागत नव्हती.

भावनाची फाइल आली तेव्हा उठायला हवं होतं. ही माझी पुतणी आहे, मी बाहेर बसतो, एवढंच वाक्य. पण म्हणजे ते पुन्हा हसणार. ते बसून राहिले. आणि पेन सैल पडेल या धाकाने त्यांनी ते इतकं आवळून धरलं की आकडा चौदा निघाला.

यातलं त्यांनी अर्धंच सांगितलं. अर्धं सांगण्याजोगं नव्हतं.

"म्या विचार केला," ते म्हणाले, "आपन घरच्या घरी उभं करू. माझी पेन्शन हाये. वेळ पडली तं घर हाये. मी खोटं नाही लिहिलं. नातेवाईक सक्षम, म्हनजे मीच."

"मंग बारा दिवसांत एकदा तरी म्हनाले का, मी करतो म्हनून?" सीमाने विचारलं.

"म्हनलं असतं तं तुमी विचारलं असतं, काहून म्हनून."

"आन देवरावले भाऊ नसता तं? हाच कागद, हीच पोरगी. तिले किती देल्ले असते?"

त्यांना उत्तर माहीत होतं.

"मोठेबाबा."

भावना दारात उभी होती, चौकटीला धरून. मागे नितेश.

"त्या दोघांनी मले तेहतीस आन चौतीस देल्ले," ती म्हणाली. तिला धाप लागत होती. "ते तं मले ओळखत बी नाहीत."

खुशालराव तिच्याकडे पाहत राहिले. शाळेत असताना एखाद्या पोराचा पेपर चुकीचा तपासला गेला तर ते वर्गात सगळ्यांसमोर चूक कबूल करायचे. त्या वर्गात त्यांची कुणी मोजणी करत नव्हतं.

* * *

देवरावने कागदाची घडी घातली.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "दादा, पुढच्या मीटिंगले फाइल पुन्हा ठेवा आन चौतीस टाका. कोनाले काही सांगाचं काम नाही."

"हेच बरं," इंदूबाई म्हणाली. "आपली गोष्ट आपल्या घरात. एवढ्या वर्सांत कमावलेलं नाव हाये त्याचं. बाहेर गेलं तं लोक म्हनतीन, पाहा, बसवलं तं घरच्यावरच उठला."

खुशालरावांनी मान हलवली नाही, पण नकारही दिला नाही.

प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसली होती. बापाला उघडं पाडल्याची लाज तिला दोन दिवस होती, आणि आता हा मार्ग निघाल्यावर हलकंही वाटलं. चौतीस. कुणाला कळणार नाही. बाबा सुटतील, भावनाही सुटेल. तिने सीमाकाकूकडे पाहिलं आणि तिला वाटलं, काकूही हो म्हणेल.

सीमाला हो म्हणायचंच होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काहून नाही?" देवरावचा आवाज चढला. "तुले पोरगी पाह्यजे का भांडन पाह्यजे?"

"गपचूप कमी केले, आता गपचूप वाढवाचे. आन उद्या कोनी तरी फाइल काढून पाह्यली, चौदाचे चौतीस कसे झाले म्हनून? तोवर पोरगी नागपूरले भरती असन, तिचा जुना मगज औषधानं मारून टाकला असन. त्या दिवशी मंजुरी रद्द झाली तं काय कराचं?"

देवरावने घडी घातलेला कागद सतरंजीवर ठेवला.

"भाऊजींनी लिहून द्यावं," सीमा म्हणाली. "पोरगी माही पुतणी हाये, म्या सांगतलं नाही, माहे गुन कापा. बाकीच्या दोघांनी ठरवावं. ते ठरवतीन तेव्हा भाऊजी खोलीत नकोत. ते नाही म्हनले तं मी नाही ऐकून घेईन. पन कारन पाह्यजे. आन त्या महिन्यात ज्याले ज्याले नाही म्हनलं, त्या सगळ्याइले त्यांचे गुन आन कारन पाठवा म्हना."

"सगळ्याइले कशाले?" खुशालराव पहिल्यांदा चिडले. "त्याचा आपल्या भावनाशी काय संबंध?"

"सव्वीस जनाले हेच दोन ओळीचं पत्र गेलं, प्रियानं सांगतलं. त्यातल्या कोनाच्या घरी प्रिया नाही."

इंदूबाई उठून स्वयंपाकघरात गेली. प्रियदर्शनी पेले उचलून मागे गेली.

"बापाले उघडं पाडलं तू," इंदूबाई हळूच म्हणाली.

"हो, आत्या."

"झोप लागते का?"

"नाही."

इंदूबाईने नळाखाली एक पेला दोनदा धुतला. "त्याले बी लागत नसन," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, वय झालं म्हून वाळला."

तेवढ्यात आतून नितेशने हाक मारली. थर्मामीटर त्याच्या हातात होतं. एकशे दोन. डॉक्टरांनी शंभराच्या वर एक कणही चालणार नाही असं बजावलं होतं. अंगात पांढऱ्या पेशीच नसल्या की साधा तापही थांबत नाही.

पाच मिनिटांत घर उलटंपालटं झालं. नितेश रिक्षा आणायला धावला. प्रियदर्शनीने फाइली पिशवीत कोंबल्या. देवरावने भावनाला उचललं. तिचं वजन इतकं कमी झालेलं त्याला माहीत नव्हतं, त्याचा तोल गेला. खुशालराव पुढे झाले, त्यांनी हात दिला.

"राहू द्या, दादा," देवराव म्हणाला.

तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच खुशालराव तिथेच थांबले. देवरावने पोरीला सावरून घेतलं, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "सीमा सांगते तसं लिहा. आजच लिहा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादाला काम सांगितलं होतं.

रिक्षा गेल्यावर घरात बहीणभाऊ दोघेच उरले. खुशालराव सतरंजीवर बसले. इंदूबाईने नितेशच्या वहीतून दोन पानं फाडून त्यांच्या पुढ्यात टाकली.

"मी काय म्हनली होती ते सोड," ती म्हणाली. "लिही."

* * *

बैठक नऊ दिवसांनी होती. भावना अजून अकोल्याच्याच दवाखान्यात होती. ताप उतरायचा, रात्री पुन्हा चढायचा. तिच्या छातीत बुरशीची लागण झाल्याचं निघालं. ती बरी झाल्याशिवाय ट्रान्सप्लांट करता येणार नाही, असं नागपूरहून कळलं. महिन्याभरापूर्वी मंजुरी मिळाली असती तर ती एव्हाना तिथे भरती असती. हे कुणी मोठ्याने म्हणालं नाही. सीमा दवाखान्यातून हलली नाही. अमरावतीला देवराव आला.

निधीचं कार्यालय राजकमल चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर होतं. खुशालरावांनी आठ दिवसांपूर्वी पाठवलेलं स्वतःचं पत्र समितीपुढे वाचलं. कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, गुरुजी, हे तोंडी सांगितलं असतं तरी आपण पाहून घेतलं असतं. खुशालराव म्हणाले, तेच नको आहे. मग त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.

बाहेरच्या अरुंद जागेत एक लांब बाक होता. तिथे लोक बसतात हे त्यांना माहीत होतं, पण बैठकीला येताना ते घाईने आत जायचे. देवराव जिन्याजवळ उभा होता, तो बसला नाही. बाकावर लुगड्यातली एक म्हातारी होती. तिने पिशवी मांडीवर घेऊन जागा केली.

"कोन पेशंट हाये तुमचा?" तिने विचारलं.

"पुतणी."

"माहा मालक. नत्थुजी. किडनीचं हाये. भातकुलीहून आली मी, पार्वताबाई. पहिल्यांदाच आले का तुमी इथं?"

"इथं बसाले पहिल्यांदाच," खुशालराव म्हणाले.

"सवय होते," पार्वताबाई म्हणाली.

ते दीड तास बसले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की बाकावरचे सगळे दाराकडे पाहायचे. दोनदा कुणी तरी बाहेर येऊन पुन्हा आत गेलं. खुशालराव उठले, बसले, खिडकीशी जाऊन आले. आत काय चाललंय याचा अंदाज त्यांना सगळ्यांत जास्त असायला हवा होता. त्यांना काहीच सुचत नव्हतं.

शेवटी शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन आला. मागच्या महिन्यात नकार मिळालेल्या ज्यांना कार्यालयाचा निरोप पोचला होता, त्यांना त्याने नाव पुकारून एकेक पान दिलं. भावनाचं पान देवरावने घेतलं. दोघांचेच गुण धरले होते. फाइल या महिन्याच्या यादीत तिसरी होती. मंजूर.

देवरावने तिथूनच सीमाला फोन लावला. "झालं," एवढंच त्याला म्हणता आलं. पलीकडून सीमा काय बोलली ते खुशालरावांना ऐकू आलं नाही. देवराव ऐकत राहिला, मग म्हणाला, "हो, लेखी हाये. कारन बी लिहिलं हाये." आणि फोन बंद करून दादाला, "आज ताप नाही म्हनते. सात वाजता डॉक्टर येते. निघा लवकर, दादा. साडेतीनची गाडी भेटन."

गेल्या नऊ दिवसांत त्याने दादाशी केलेलं हे पहिलं लांब बोलणं होतं. खुशालरावांनी चष्मा सारखा केला आणि ते उठले.

"भाऊ," पार्वताबाईने तिचं पान पुढे केलं. "तुमी शिकलेले दिसता. माह्यं पाहा बरं, काय लिहिलं."

त्यांनी वाचलं. आजाराचे गुण भरपूर होते. खाली शेरा होता. उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा. चालू वर्षाचा जोडावा.

"दाखला जुना हाये," ते म्हणाले. "नवा लावा लागते."

"बस, येवढंच?"

"येवढंच."

"मंग चार महिने झाले, दोनदा आली मी. कोनी सांगतलं काहून नाही?"

ती फाइल त्यांना आठवत होती. दाखला जुना असल्याचं त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं होतं, नियम म्हणजे नियम म्हणून. पत्रात कारण लिहायची पद्धत नव्हती, आणि ती नसण्याबद्दल त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

"म्या नाही सांगतलं, बाई," ते म्हणाले. "मी त्याच खोलीत बसत होतो. सांगाचं काम माहं होतं."

पार्वताबाईने त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग आला, आणि तो काढायला तिच्यापाशी वेळ नव्हता. तिने पान घडी करून पिशवीत ठेवलं.

"मंग आता सांगा," ती म्हणाली. "कोनत्या हापिसात जाऊ? आन ते किती वाजता बंद होते?"

खुशालरावांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन झाले होते. मग त्यांनी देवरावकडे पाहिलं. देवराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला होता. त्याने फोन खिशात टाकला.

"त्याइले घेऊन भातकुली तहसीलले जा तुमी," तो म्हणाला. "मी होतो पुढं. रात्रीच्या गाडीनं या."

"सीमा काय म्हनन?"

"सांगतो मी तिले, काहून नाही आले ते," देवराव म्हणाला आणि भराभर जिना उतरून गेला.